आरोसीतो म्हणजे किती भात

आमच्या मुलीने मेक्सिकोतल्या एका मुलाशी लग्न केले आणि ती पुएब्ला नावाच्या शहरात, सासूच्या घरी राहायला गेली, तेव्हा मी स्पॅनिश शिकायला घेतले. विचारणाऱ्यांना मी 'निवृत्तीनंतर डोके चालते राहावे म्हणून' असे उत्तर देत असे आणि ते खोटेही नव्हते. परंतु खरे कारण निराळे होते. मुलीच्या सासूला स्पॅनिशखेरीज दुसरी कोणतीही भाषा येत नव्हती. ज्या घरात आपली मुलगी राहते, त्या घराच्या मालकिणीशी आपल्याला एक वाक्यही बोलता येऊ नये, ही गोष्ट मला बोचत असे. व्हिडिओ कॉलवर त्या बाई दिसायच्या, हात हलवायच्या, मी हात जोडायचो. दोन घरांतले सगळे दळणवळण एवढ्यावर चालले होते.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. म्हणजे ज्या भाषेत कुणी समोरून उत्तर देण्याची शक्यता नसते, अशा भाषेत माझा जन्म गेला. माझ्यासारख्या संकोची माणसाला ती फार सोयीची होती. स्पॅनिश तशी निघाली नाही. वर्ग ऑनलाइन होता आणि शिकवणारी पुण्याची तरुणी माझ्या मुलीच्याच वयाची होती. बाकीचे विद्यार्थी कॅमेऱ्यासमोर बसून चुकतमाकत गप्पा मारत. मी कॅमेरा बंद ठेवून क्रियापदे पाठ करीत असे. 'सर, आहात ना?' असे ती मधूनच विचारी आणि मी 'सी', म्हणजे हो, एवढेच म्हणे. तोंडी परीक्षेत मी जेमतेम उत्तीर्ण झालो. व्याकरणात मात्र पहिला आलो.

त्या व्याकरणातला एक धडा मला फार आवडला होता. शब्दाच्या शेवटी 'ईतो' किंवा 'ईता' लावले की वस्तू लहान होते. कासा म्हणजे घर, कासीता म्हणजे छोटे घर. पेर्रो म्हणजे कुत्रा, पेर्रीतो म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. नियम स्वच्छ होता, उदाहरणे स्वच्छ होती. नियमाच्या बाबतीत मी पहिल्यापासून श्रद्धाळू आहे; एकदा पटला की त्याला पुन्हा प्रश्न विचारीत नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलगी, जावई आणि विहीणबाई असे तिघेही नागपूरला आले. सक्करदऱ्याच्या आमच्या घरी नातेवाइकांचे येणे-जाणे झाले, आहेर झाले, फोटो झाले. त्यानंतर मुलगी आणि जावई एका मित्राच्या लग्नासाठी हैदराबादला निघाले. विहीणबाईंचे पाय प्रवासाने सुजले होते, म्हणून त्या आमच्याकडेच थांबल्या. निघताना मी मुलीला बाजूला घेऊन भाषेची अडचण सांगितली. ती बॅगेची चेन ओढत म्हणाली की बाबा, तुम्ही व्याकरणात पहिले आला होतात ना, मग काळजी कसली. मुलांचा आपल्यावरचा विश्वास कधीकधी अवघड जागी येऊन बसतो.

माझी पत्नी रामटेककडची, धानाची शेती असलेल्या घरातली. ती जन्मभर आपल्या वऱ्हाडी बोलीतच बोलत आली आहे आणि माझ्या पुस्तकी मराठीचा तिच्यावर काडीइतका परिणाम झालेला नाही. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावले. दारात विहीणबाई हसत उभ्याच होत्या, पण त्यांना कळण्याची भीती नव्हती.

"हे पाहा जी," ती म्हणाली, "आपली पोरगी त्यायच्या घरात नांदून राहिली. इथं आपल्या हातून काही कमी-जास्त झालं, तर ते तिथं पोरीच्या ताटात पडन. काय म्हणते, काय पाहिजे, मले नीट सांगत जा."

मी तसे वचन दिले. तिला जे भय वाटत होते तेच मलाही वाटत होते, फक्त मी ते असे एका वाक्यात मांडू शकलो नसतो. मुलगी फोनवर नेहमी आनंदात असते. पण फोनवर सगळ्यांच्याच मुली आनंदात असतात. त्या घरात तिला प्रेमाने वाढतात की नुसते वाढतात, हे बापाला कोण सांगणार?

स्पॅनिशमध्ये व्याह्याला 'कोन्सुएग्रो' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्या भाषेखेरीज आणखी कुणाला या नात्यासाठी शब्द लागला, याचे मला शिकताना अप्रूप वाटले होते. विहीणबाईंनी मला पहिल्या दिवसापासून याच शब्दाने हाक मारायला सुरुवात केली. त्या बोलत भराभर, हातवारे करीत, आणि वाक्य संपले की माझ्या चेहऱ्याकडे वाट पाहत राहत. मी मनातल्या मनात क्रियापदाचा काळ ठरवीपर्यंत त्यांचा पुढचा विषय सुरू झालेला असे.

पहिल्या दुपारी आम्ही तिघे जेवायला बसलो. पत्नीने ताट मांडले होते ते विहिणीच्या मानाला साजेसे: ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, वांग्याचे भरीत, पोळ्या, आणि भाताचे पातेले मुद्दाम हाताशी. विहीणबाईंनी ताट थोडे पुढे केले आणि म्हणाल्या, "उन पोकीतो दे आरोसीतो, पोर फावोर."

वाक्य लहान होते आणि मला पूर्ण कळले. मला झालेला आनंद मी लपवू शकलो नाही. पोर फावोर म्हणजे कृपया. पोको म्हणजे थोडे, पोकीतो म्हणजे त्याहूनही थोडे. आरोस म्हणजे भात, आरोसीतो म्हणजे छोटासा भात. बाईंनी लहानपणाला लहानपणाने गुणले होते. तोवर पत्नीची वाढणी भाताने भरून ताटावर आली होती. मी तिला थांबवले.

"अगं, त्या अगदी थोडा म्हणताहेत. चमचाभर."

"चमचाभर? इहीनबाईले?"

"त्यांचेच शब्द आहेत."

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच भात मोजून देण्याचा नियम काढला होता. मग वाढणी पातेल्यात रिकामी करून तिने चमच्याने भात वाढला. विहीणबाईंनी त्या भाताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, 'ग्रासियास' म्हणत आभार मानले आणि तो आमटीत कालवून दोन घासांत संपवला. पुन्हा मागितला नाही. माझ्या अनुवादाला त्यांच्या वागण्यानेच दुजोरा मिळाला, असे मी समजलो.

तिसऱ्या प्रहरी त्यांनी 'काफेसीतो' मागितला. काफे म्हणजे कॉफी. मी कपाटातून अगदी लहान स्टीलचे पेले शोधून काढले, ज्यांतून कधीकाळी मुलीला औषध पाजले जात असे. पत्नीने त्यात कॉफी ओतली आणि पेल्यात वाकून पाहिले.

"हे तर तीर्थ झालं जी," ती म्हणाली. "पळी देऊ का संगं?"

रात्रीच्या जेवणाला त्यांनी 'तोर्तियीता' हा शब्द उच्चारला. तोर्तिया ही त्यांची मक्याची पोळी; आपल्या पोळीलाही त्या तेच म्हणत. मी अर्थ सांगितला. पत्नीने तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुद्दाम निराळ्या पोळ्या लाटल्या. मुली भातुकलीत लाटतात तेवढ्या, पुरीपेक्षाही लहान, पण प्रत्येक गोल आणि प्रत्येक फुगलेली. तेवढ्या लहान पोळ्या भाजायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. विहीणबाईंनी एक पोळी तळहातावर ठेवून सर्व बाजूंनी पाहिली, तिचे सौंदर्य वाखाणले आणि फोनवर तिचा फोटो काढला. मग दोन खाल्ल्या. आम्हीही त्यांच्या सोबतीने लहान-लहान वाढून घेत होतो, कारण पाहुण्यासमोर आपण ताट भरून बसणे बरे दिसत नाही. माझी स्वतःची भूक दुपारी चारच्या सुमारास जागी होई. मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या शेंगदाणे खात असे.

पत्नीच्या माहेरी पाहुण्याने दोन्ही हात ताटावर आडवे धरेपर्यंत वाढायचे आणि हात धरल्यावर बोटांच्या फटीतून आणखी एक वाढायचे, अशी रीत. विहिणीची पंगत तर त्यांच्याकडे लग्नाइतकीच गाजते. तिच्या हातून हे चमच्याने वाढणे म्हणजे एखाद्या गवयाला कुजबुजायला लावण्यासारखे होते. ती भांडी घासता-घासता मला टोमणे मारू लागली.

"काहून जी, तुमच्या त्या पुण्याच्या मास्तरणीले एकडाव विचारून पाहा न. माणूस एवढ्यावर जगते का?"

मी म्हणालो की त्यांच्याकडे आहार हलका असेल.

"हलका?" तिने आवाज जराही कमी केला नाही. "असं भरलेलं अंग हलक्या आहारानं होते का? मले शिकवून राहिले."

तिने मला आणखी एक पुरावा दाखवला. विहीणबाईंच्या खोलीतल्या टोपलीत आम्ही संत्री ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी केराच्या डब्यात टरफलांचा ढीग निघाला. टोपली रिकामी होती. मी म्हणालो की आपली संत्री आहेतच तशी, परक्या माणसाला आवडणारच. ती म्हणाली, "उपाशी माणसाले दगडही आवडन." मग ती रिकामी टोपली पुन्हा भरू लागली. रागावली नव्हती, घाबरली होती. पोरीच्या ताटाची गोष्ट तिच्या मनातून गेलेली नव्हती आणि माझ्याही गेली नव्हती. फरक इतकाच की मी नियमाच्या आडोशाला उभा होतो आणि तिला आडोसा नव्हता.

त्याच सकाळी विहीणबाई पाय चांगले झाल्याचे सांगत स्वयंपाकघरात आल्या. खुणांनी आणि शब्दांनी त्यांनी सांगितले की आज त्या स्वतः आम्हा दोघांसाठी 'उना सोपीता' करणार. मी पत्नीला अर्थ सांगितला: छोटेसे सूप. तिने ओट्यावर दुधाचे लहान पातेले ठेवले. विहीणबाईंनी ते प्रेमाने बाजूला सरकवले, फडताळावर नजर फिरवली आणि सगळ्यात वरच्या फळीवरचा गंज दाखवला. गंज म्हणजे आमच्याकडचे भले मोठे पातेले; घरात कार्य असले की त्यात वरण शिजते. मी स्टुलावर चढून तो काढून दिला. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

त्यांना शेवया हव्या होत्या, त्या निघाल्या. त्यांनी त्या तेलात तांबूस होईपर्यंत परतल्या. टोमॅटो, कांदा, लसूण मिक्सरमधून काढून त्यावर ओतला. चर्र असा आवाज झाला आणि घरभर एक नवा वास पसरला. पत्नी शेजारी उभी राहून सगळे पाहत होती; शेवयांची खीर होते आणि उपमा होतो, हे तिसरे काय, अशा मुद्रेने. विहीणबाई काम करताना सतत बोलत होत्या, पण आमच्याशी नव्हे. त्या भाजीशी बोलत होत्या. मुठीएवढा कांदा हातात घेऊन त्या त्याला 'सेबोयीता' म्हणाल्या. लसणाला 'अखीतो' म्हणाल्या. लिंबू रसाने टरारलेले, गंजात तांब्याने पाणी ओतलेले, पण लिंबू 'लिमोनसीतो' आणि पाणी 'अग्वीता'. भिवापुरी मिरचीचे चार देठ खुडताना त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, तरी ती मिरचीसुद्धा 'चिलीतो'च राहिली.

मी दारात उभा होतो. त्या प्रत्येक वस्तूत मी लहानपणा शोधत होतो आणि तो कुठेच नव्हता. अखेर त्यांनी मला बसवले, सगळ्यात खोल वाडगा घेतला आणि 'उन प्लातीतो', म्हणजे माझ्या व्याकरणानुसार एक इवलीशी ताटली, म्हणत तो काठोकाठ भरला. इतका की वाडगा माझ्यापुढे येताना थोडा रस्सा मेजावर सांडला.

त्या सांडलेल्या रश्शाकडे पाहत असताना मला 'पुत्रक' हा शब्द आठवला. संस्कृतात नामाला 'क' हा प्रत्यय लागतो. कधी तो अल्पत्व दाखवतो आणि कधी अनुकंपा, म्हणजे माया. पुत्रक म्हणजे लहान मुलगा नव्हे. पुत्रक म्हणजे बाळा, माझ्या लेकरा. मुलगा सहा फुटांचा योद्धा असला तरी आईच्या तोंडी तो पुत्रकच. हे मी नववीच्या किती वर्गांना, फळ्यावर दोन रकाने पाडून शिकवले असेल, त्याची गणती नाही. आणि तोच प्रत्यय दुसऱ्या भाषेचा वेश घालून माझ्या घरी जेवायला आला, तेव्हा मी त्याला चमच्याने वाढले. मला आधी लाज वाटली आणि लगेच हसू आले. हसू जास्त टिकले.

"माझा अर्थ चुकला असे वाटते," मी पत्नीला म्हणालो. "ते 'ईतो' म्हणजे लहान नव्हे."

"मग काय?"

मला तिचेच बोलणे आठवले. "दारात कुणी आले की तू म्हणतेस ना, घोटभर चहा घेऊन जा."

"घोटभर म्हणजे घोटभर थोडीच असते जी. कपभर असते."

"तेच."

तिने वाडग्याकडे पाहिले, गंजाकडे पाहिले, आणि गेल्या दोन दिवसांतले चमचे, पेले, पोळ्या एकापाठोपाठ तिच्या चेहऱ्यावरून गेलेले मला दिसले. ती मला काही सुनावणार होती. पण त्याच वेळी विहीणबाई आमच्यासमोर येऊन बसल्या. हात पुसून त्यांनी तो कपडा नीट घडी करून मेजावर ठेवला. त्यांना काहीतरी विचारायचे होते आणि ते सोपे नव्हते, हे भाषा न कळणाऱ्यालाही समजले असते.

त्या माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून बोलल्या. मला प्रथमच त्यांचे सगळे बोलणे कळले. त्या म्हणाल्या की या घरात किती थोडे जेवतात हे पाहिल्यापासून त्यांचे मन स्वस्थ नाही. आमच्या मुलीला लहानपणापासून अशा एवढ्याशा जेवणाची सवय असेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि त्या तर तिकडे तिला रोज भरभरून वाढत आल्या. मुलगी भिडस्त, सासूला नाही कसे म्हणणार. म्हणून बिचारी मुकाट्याने खात असेल. यापुढे किती वाढावे, ते तुम्ही मला मोकळेपणाने सांगा.

"पोब्रेसीता, बिचारी," त्या म्हणाल्या, "आणि मी तिला देत होते प्लातोतेस."

प्लातो म्हणजे ताट. 'ओते' हा 'ईतो'च्या उलटा प्रत्यय, वस्तू दांडगी करणारा. प्लातोते म्हणजे ताट नव्हे, परात. आमच्या मुलीला ही बाई परातीने वाढत होती आणि त्याबद्दल माझ्याकडे क्षमा मागत होती.

मला एकच प्रश्न सुचला. तो मी मनात घोळवला नाही, त्याचा काळ तपासला नाही. "इ एया कोमे?" मी विचारले. आणि ती खाते?

"तोदो," विहीणबाई म्हणाल्या. सगळे. मग जरा ओशाळून, मुलीची चहाडी केल्यासारख्या पुढे म्हणाल्या, "इ रेपीते." आणि पुन्हा घेते.

पत्नी माझी बाही ओढत होती. मी तिला सांगितले की आपल्या मुलीला तिथे ताट भरभरून वाढतात, ती सगळे खाते आणि वर पुन्हा मागून घेते, आणि आपण अर्धपोटी माणसे आहोत असे समजून बाईंचा जीव दोन दिवस खालीवर होतो आहे. पत्नीने कोरडे हात पदराला पुसले. ती स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"अन् आपण इथं तिले तीर्थ पाजून राहिलो," ती म्हणाली.

आता खुलासा करणे मला भाग होते. मी स्पॅनिशमध्ये सांगू लागलो की मी व्याकरणाचा शिक्षक, फार वाईट शिक्षक. तुम्ही आरोसीतो म्हणालात, मला वाटले लहान भात. मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून भाताचा तो आकार दाखवला. विहीणबाई प्रथम माझ्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग त्यांना तो चमचा, ती औषधाच्या पेल्यातली कॉफी आणि फोटो काढलेली पोळी यांचा अर्थ लागला. मेजाची कड धरून त्या हसल्या, इतक्या की पत्नीने उठून त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि तीही हसू लागली. डोळे पुसत त्या मला म्हणाल्या की ते लहान नव्हे हो कोन्सुएग्रो, ते 'कारीन्यो'. माया. जेवणाचे नाव मायेने घ्यायचे असते, नाहीतर ते अंगी लागत नाही. हे व्याकरण पुण्याच्या वर्गात झाले नव्हते.

आम्ही तो गंज तिघांत बराचसा संपवला. पत्नीने दुसऱ्यांदा घेताना स्वतःच वाडगा पुढे केला आणि मला म्हणाली, "बाईले सांगा, चांगलं झालं. पण हिंग पाहिजे होता." मी पहिला भाग सांगितला.

संध्याकाळी पत्नीने गोळाभात करायला घेतला. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड पिठाचे गोळे वळून भातातच वाफवायचे आणि वाढताना वरून हिंग-मोहरीच्या फोडणीचे कढत तेल घालायचे. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला हा भात केल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. विहीणबाई शेजारी बसून गोळे वळू लागल्या. त्यांचे गोळे पत्नीच्या गोळ्यांपेक्षा मोठे होत होते, आणि पत्नीने ते मोडून पुन्हा वळले नाहीत. ती इतर कुणाला अशी सवलत देत नाही.

ताटे मांडली. पत्नीने वाढणी हातात घेतली, पण वाढली नाही. "तुम्ही विचारा," ती मला म्हणाली. "तिच्या भाषेत विचारा. सकाळपासून लई हुशार झाले."

मला काय विचारायचे ते ठाऊक होते आणि तेच जड जात होते. मी कधी कुणाशी लाडाने बोललेलो नाही. आमच्या मुलीलासुद्धा मी पूर्ण नावाने हाक मारतो. तिला भूक लागली का, हे मी 'जेवणाची वेळ झाली आहे' अशा विधानाने विचारत आलो. मराठीत ज्याला जीभ वळली नाही, ते परक्या भाषेत, आणि तेही विहिणीसमोर, कसे म्हणायचे? भातावरची वाफ कमी होऊ लागली होती. दोन बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी घसा साफ केला.

"उन आरोसीतो, कोन्सुएग्रा?"

उच्चार बरा झाला की नाही, सांगता येत नाही. विहीणबाईंनी ताट दोन्ही हातांनी उचलून पुढे धरले. पत्नीने वाढणी भरून एकदा वाढला, दुसऱ्यांदा वाढला, भाताला शीग आली, तिच्यावर तिने गोळा ठेवला आणि तेलाची पळी ओतली.

"गोळीतो," ती विहीणबाईंना म्हणाली, जणू हा शब्द तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. मग कढीचा वाडगा पुढे करून म्हणाली, "कढीता." कढी स्त्रीलिंगी असल्याने प्रत्ययही स्त्रीलिंगी हवा, हे तिला कुणी सांगितले होते, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

विहीणबाई हाताने जेवत होत्या. बोटांना तेल लागले होते आणि कपाळावर घाम आला होता. मधूनच त्या डोळे मिटून मान हलवीत. त्यांनी ताटावर हात आडवा धरला तो बऱ्याच उशिरा, आणि पत्नीने रीतीप्रमाणे बोटांच्या फटीतून आणखी एक गोळा सोडला. तो त्यांनी खाल्ला.

ताटे तशीच समोर असताना पत्नीने मला विचारले, "आपल्या पोरीले ही तिथं काय म्हणून हाक मारते? विचारा न."

मुलीच्या लग्नाला इतके दिवस झाले, पण हे विचारायचे मला सुचले नव्हते. मी विचारले. विहीणबाईंना उत्तर द्यायला विचार करावा लागला नाही.

"मी फ्लाकीता," त्या म्हणाल्या.

पत्नी माझ्या तोंडाकडे पाहत होती. फ्लाका म्हणजे कृश. त्याला 'ईता' लागले. सुरुवातीचा 'मी' म्हणजे माझी. 'माझी लहानशी कृश मुलगी' असे भाषांतर माझ्या ओठांपर्यंत आले आणि मी ते तिथेच थांबवले. ते चूक नव्हते; पण त्या वाक्याने कुणी कुणाला हाक मारली नसती. माझ्या भाषेत मला शब्द मिळेना. तो पत्नीच्या भाषेत होता. तिच्या माहेरी दिवसभर ऐकू येणारा, मी इतक्या वर्षांत एकदाही न उच्चारलेला.

"'माही बारकी' म्हणते," मी म्हणालो.

पत्नीने भाताचे पातेले स्वतःकडे ओढले, वाढणी खोल बुडवली आणि विहीणबाईंच्या ताटाकडे वळली.

"बारकी," ती म्हणाली. "परातीनं खाऊ घालते, अन् बारकी म्हणते. आणा इकडं ताट."